सहाशेचा आकडा

९ नोव्हेंबर

मावशी,

नमस्कार-चमत्कार झाले असं समज आणि मुद्द्याचं ऐक: मी अजून इथेच, काचेच्या भट्टीवर आहे. चार महिने झाले. छापखान्यात मी सहा आठवडे टिकलो, मालवाहू बोटीवर तीन आणि तबेल्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तबेल्याचं सांगितलंय ना तुला? पांढऱ्या घोडीने माझी टोपी खाल्ली आणि मालक माझ्यावरच खेकसला की घोडीचं पोट बिघडेल. असो. मला भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा भिंगरी थांबल्याची बातमीही पहिली तुलाच.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. भट्टी दिवसभर घोंघावते, पलीकडचं काही ऐकू येत नाही. पत्रच बरं.

काचेचं काम तुला एकदा बघायला हवं. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच गोळा करायची, पाकासारखी लोंबते ती, म्हणून नळी सतत फिरवत राहायचं. दुसऱ्या टोकाने फुंकायचं. लोकांना वाटतं छाती भरून फुंकत असतील. छे! पहिला बुडबुडा उठतो तो गालांनी. गाल फुगवायचे, जीभ मागून टेकवायची, 'फट्' करून हवा सोडायची आणि लगेच नळीच्या तोंडावर अंगठा. आत कोंडलेली हवा तापते आणि आपली आपण फुगते. हे 'फट्' शिकायला मला दोन महिने लागले. उस्ताद म्हणायचे, "छातीने काय फुंकतोस, म्हशीसारखा?" हल्ली काहीच म्हणत नाहीत. त्यांच्याकडे शाबासकी अशीच मिळते.

तुझं खोकं मिळालं. गेल्या महिन्यात तुझ्याकडे दोन दिवस आलो काय, जिना चढताना खोकलो काय, आणि तू हाताला धरून दवाखान्यात नेलंस काय! तुमच्या डॉक्टरीणबाईंनी ते श्वासाचा जोर मोजायचं मीटर फुंकायला लावलं, ४१० आला आणि मला दमा ठरला. बरं, ठरला तर ठरला. निळा पंप, तपकिरी पंप, प्लास्टिकचं नळकांडं आणि मीटर, चारही वस्तू खिडकीत मांडल्या आहेत. खोलीला शोभा आली.

सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा कळव म्हणालीस, तर घे. सोमवारी ५८० आणि ५९०. मंगळवारी ६००. बुधवारीही ६००. काय म्हणतेस?

तुझा,
भिंगरी

१६ नोव्हेंबर

भिंगरी,

पत्र चार वेळा वाचलं. ४१० वरून ६००, तेही आठवड्याभरात! डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "छान." मग चष्मा घालून म्हणाल्या, "जरा जास्तच छान." मी काही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला आनंद झाला, मी औषधांच्या काउंटरवरच्या सगळ्यांना सांगितलं.

आता ऐक. मध्येच घोडीकडे जाऊ नकोस.

तुझ्या छातीतल्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. नेहमीच. तुला बरं वाटत असतं तेव्हासुद्धा. त्यात धूळ, धूर, थंड वारा, सर्दी असं काही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट बारीक होते. निळा पंप ते आवळलेलं सैल करतो. दहा मिनिटांत बरं वाटतं, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. तपकिरी आतली सूज उतरवतो, पण त्याला आठवडे लागतात आणि घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून तो सगळ्यांचा सावत्र. माझ्या काउंटरवर रोज दोघं तरी येतात, "निळा द्या, तपकिरी राहू द्या." मी त्यांना तपकिरीच आधी देते आणि शिव्या खाते.

तपकिरी रोज सकाळी दोन फवारे, रात्री दोन. बरं वाटलं तरी. बरं वाटलं तर जास्तच आठवणीने. नळकांडं शोभेचं नाही, पंप त्याला लावून घ्यायचा, नाहीतर औषध छातीत जायच्या ऐवजी जिभेवर बसतं. नंतर चूळ भरायची. निळा फक्त लागेल तेव्हा.

आणि तो किती वेळा लागतो हे तू लिहिलं नाहीस. मी विचारते आहे.

तुझी,
मावशी

२९ नोव्हेंबर

मावशी,

मोठी बातमी आहे! एका नाट्यगृहाच्या दिव्यांचं काम आमच्याकडे आलं आहे. चोवीस गोळे, एकेक कलिंगडाएवढा, भिंत सगळीकडे सारखी पातळ हवी. उस्तादांनी बारा स्वतःकडे ठेवले आणि बारा मला दिले. मला! चौघं जण माझ्या आधीपासून इथे आहेत. माझे बारा नीट उतरले तर मला माझी स्वतःची खुर्ची मिळणार. आमच्याकडे खुर्ची म्हणजे नुसतं बसायचं लाकूड नाही. दोन लांब हात असतात, त्यावर नळी आडवी ठेवून गोलगोल लाटायची. ज्याची खुर्ची तो कारागीर, बाकीचे सगळे वाढपी. माझ्या नावाचं असं आजवर काही नव्हतं, तुला माहीतच आहे. पत्त्याच्या रकान्यात मी अजून तुझाच पत्ता लिहितो.

सध्या सकाळी मिश्रणाच्या खोलीत असतो. वाळू, सोडा, चुना फावड्याने कालवायचं. पिठाच्या गिरणीतल्यासारखा पांढरा होऊन निघतो. मग मागच्या उघड्या अंगणातून भट्टीकडे यायचं. अंगणात दात वाजवणारी थंडी आणि भट्टीपाशी भुवया जळतील असा उन्हाळा, चाळीस पावलांत दोन ऋतू. हे फार मजेशीर आहे. इथल्या मांजरीला दोन्हींच्या मधली बरोबर जागा सापडली आहे, ती दाराच्या चौकटीतच झोपते आणि सगळे तिला ओलांडून जातात.

मीटर ६१०. काल ६२०. म्हणून तपकिरीला दहा दिवसांपासून सुट्टी दिली. रागावू नकोस, सूज असती तर आकडा आला असता का? तो घेऊन काही वाटतही नाही, तूच म्हणालीस.

निळा मात्र संपला. एक पाठव. दोन पाठवलेस तर उत्तम.

हल्ली मी खोलीतल्या साध्या खुर्चीतच बसून झोपतो. उशांपेक्षा बरं पडतं.

भिंगरी

५ डिसेंबर

भिंगरी,

निळ्या पंपात दोनशे फवारे असतात. तुला तो ४ नोव्हेंबरला मिळाला, २९ ला संपला. पंचवीस दिवस. म्हणजे रोजचे आठ.

आठवड्यात तीनदा लागला तरी डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालतात. तुला रोज आठ लागतात आणि मीटर ६२० दाखवतं. या दोन्ही गोष्टी एका छातीत बसत नाहीत. एक खोटी आहे. पंप तर मी स्वतःच्या हाताने खोक्यात भरला होता, तो खोटा नाही.

मी तुला लहानपणापासून ओळखते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू माझी सही करायचास, तीसुद्धा माझ्यापेक्षा चांगली. आकडे मनाने लिहीत असशील तर आत्ताच कबूल कर, मी काही बोलणार नाही.

निळा एक पाठवते आहे. तपकिरी आज, हे वाचून झाल्यावर, लगेच सुरू कर. मिश्रणाच्या खोलीत नाक-तोंड घट्ट बांधून जा, त्याहून चांगलं म्हणजे जाऊच नकोस. आणि माणूस खुर्चीत कधी झोपतो ते मला ठाऊक आहे. आडवं झाल्यावर श्वास पुरत नाही तेव्हा.

मावशी

११ डिसेंबर

मावशी,

प्रगतिपुस्तक तिसरीतलं होतं. सही दोनदाच केली. आणि मी आता तेवीस वर्षांचा आहे.

आकडे मनाने लिहिलेले नाहीत. तुझं पत्र वाचून मी तडक उस्तादांकडे गेलो. म्हटलं, माझी मावशी मला खोटारडा म्हणते, तुम्ही समोर उभे राहा. सगळ्यांसमोर फुंकलं. ६३०. खाली उस्तादांची सही आहे, बघ. ही मी केलेली नाही, इतकी वाकडी मला जमणार नाही.

मग उस्ताद म्हणाले, आण इकडे ते खेळणं. त्यांनी फुंकलं तर ६५०! एकसष्टाव्या वर्षी! वीस वर्षं सकाळी उठल्यापासून खोकतात, भट्टीचा खोकला म्हणतात त्याला, तरी ६५०. म्हणजे काचवाल्यांच्या छात्याच वेगळ्या, तुमच्या काउंटरवरच्या आजारी माणसांसारख्या नाहीत.

पाच गोळे झाले. दोन फुटले, ते मोजत नाहीत. सात राहिले.

तपकिरी सुरू करीन. बघू.

भिंगरी

(हा आकडा मी डोळ्यांनी पाहिला. पोरगा खोटं बोलत नाही. – उस्ताद)

१७ डिसेंबर

भिंगरी,

तुला खोटारडा म्हणाले, ते परत घेते. पण आज तुला दुसरं एक सांगायचं आहे. खोटं बोलण्याचाच विषय निघाला आहे तर माझंही ऐक.

तुझी आई हृदय बंद पडून गेली असं तुला सांगितलं. मीच सांगितलं, तू सात वर्षांचा होतास. ती दम्याने गेली. घरात तो शब्द काढायचा नाही अशी आजीची सक्त ताकीद होती, घरात दमा आहे म्हटलं की धाकटीचं लग्न जमायचं नाही. धाकटी म्हणजे मी. लग्न तसंही जमलं नाही, शब्द मात्र आम्ही सगळ्यांनी गिळला. ताईला धाप लागली की पाहुण्यांसमोर "जिना चढून आली" म्हणायचं. आमच्या घराला जिना नव्हता. तपकिरी पंप तिच्याकडेही होता. कपड्यांच्या कपाटात, साड्यांखाली, सील न फोडलेला. ती गेल्यावर मला सापडला. शेवटच्या आठवड्यात मी तिला रोज विचारत होते, "कशी आहेस?" ती रोज म्हणायची, "बरी आहे." आणि मी दर वेळी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं.

थांब.

इथपर्यंत लिहून मी तुझं पत्र पुन्हा काढलं. एकसष्टाव्या वर्षी ६५०? पंचवीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे, वीस वर्षं खोकणाऱ्या माणसाचा असा आकडा मी पाहिलेला नाही. मग तुझं पहिलं पत्र काढलं. गाल, जीभ, फट्.

मी कपाटातून मीटर घेतलं. माझा नेहमीचा ३८०. मग तू लिहिलंस तसे गाल फुगवले, जीभ मागे टेकवली आणि फट्. ५२०. पुन्हा केलं, ५४०. वय त्रेपन्न, गुडघे दुखतात, आणि ५४०!

तू खोटं बोलत नव्हतास रे. तुम्ही दोघं मीटरमध्ये काच फुंकत होतात. त्याने तुमच्या गालांचा जोर मोजला. तुझी छाती महिनाभर कोणी मोजलेलीच नाही.

तीनदा फोन लावला, कोणी उचलत नाही. हे पत्र जलद टपालाने टाकते, परवा पोचेल. मी शनिवारच्या गाडीत बसते, त्याआधी गाडी नाही. तोवर मी सांगते ते कर.

उभा राहा. पूर्ण श्वास घे. ओठ मीटरच्या तोंडाभोवती घट्ट, जीभ खाली. एका हाताने दोन्ही गाल दाबून धर, फुगू देऊ नकोस. मग छातीतून एकदम, जोरात. तीनदा कर, त्यातला मोठा धर. ३०० च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. २०० च्या आसपास आला, किंवा एक वाक्य एका श्वासात पुरं होईना, तर सरळ रुग्णवाहिका. काम हातात असेल ते टाकून.

आणि हे वेगळ्या कागदावर लिहिते. खिशात ठेव, कुणालाही वाचता येईल असं:

याला आडवं करू नका. ताठ बसवा, थोडं पुढे झुकलेलं. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. निळा पंप नळकांड्याला लावून एक फवारा द्या, चार-पाच श्वास घेऊ द्या, मग दुसरा. असे दहापर्यंत. बोलता येत नसेल, ओठ निळे दिसत असतील तर दहाची वाट न बघता आधी गाडी बोलवा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवा.

मावशी

१८ डिसेंबर

मावशी,

थोडक्यात लिहितो. हात जड झालेत.

आठ गोळे झाले. उद्या नववा. नाट्यगृहवाले घाई करतात.

निळा दर दोन तासांनी लागतो. थंडी आहे म्हणून. सगळ्यांनाच होतं. बोलायचा कंटाळा येतो, वाक्याच्या मध्ये थांबावं लागतं, म्हणून गप्प असतो. उस्ताद म्हणाले, शहाणा झालास.

फोनचं तुला खोटं सांगितलं होतं. भट्टीपासून लांबही एक फोन आहे. माझी धाप तू ऐकली असतीस, म्हणून केला नाही.

मीटर आज ६२०. मग हे काय होतंय?

भिं.

२० डिसेंबर

बाई,

तुमचा भाचा जिवंत आहे. हे आधी लिहितो.

मी लिहिणारा माणूस नाही, चूकभूल समजून घ्या. काल दुपारी तुमचं पत्र आलं. त्याने उभ्या-उभ्या वाचलं, मीटर घेऊन मागच्या खोलीत गेला, परत आला. मी विचारलं, "किती?" म्हणाला, "नेहमीचाच." तो १९० होता, हे त्याने मला दवाखान्यात सांगितलं. खुर्चीसाठी लपवलं. मी खुर्चीचं आमिष दाखवलं नसतं तर लपवलं नसतं. म्हणून हे माझ्याकडेही येतं.

नवव्या गोळ्याला बसला. बुडबुडा बरा उठला. मग मोठा करायची वेळ आली, तिथे गाल पुरत नाहीत, छातीच लागते. काच फुगता-फुगता थांबली आणि नळीवरून खाली लोंबली. मी शिवी हासडली. तोंडातून गेली ती गेली. मग बघतो तर हा नळी सोडत नाही, खांदे कानाला लागलेत, गळ्याखाली खड्डा पडतोय आणि आवाज नाही. आधी शिटीसारखा आवाज यायचा, तोही नाही. ओठांना रंग राहिला नव्हता.

आमच्याकडे भट्टीपुढे कुणी कोसळलं की आडवं करून तोंडावर पाणी मारतात. मी तेच करायला धावलो. त्याने मला ढकललं. तेवीस वर्षांचं पोर मला ढकलतंय! खिशातून कागद काढून माझ्या छातीवर दाबला. मी वाचायला कच्चा आहे. बोट ठेवून मोठ्याने वाचला. पहिलीच ओळ, आडवं करू नका. बाई, मी तुम्हाला काय सांगू.

एक जण गाडीसाठी फोनकडे पळाला. मी बसवलं, पुढे झुकवलं. फवारा, पाच श्वास, फवारा, पाच श्वास. श्वास कसले, हिसके होते. मी आकडे मोठ्याने मोजत होतो आणि भट्टीपाशी सगळे उभे. सातव्याला त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. गाडी अकराव्याला आली.

आता नाकाला नळी आहे, वाफ देतात, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर माझ्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. तुम्ही शनिवारी निघणार असं पत्रात आहे. निघा. मी स्थानकावर येतो. उंच आहे, भुवया नाहीत, ओळखाल.

एक गोष्ट. मी सही केली होती. काल घरी जाऊन मीही गाल धरून फुंकलं. आकडा लिहीत नाही.

उस्ताद

३ जानेवारी

भिंगरी,

सुखरूप पोचले. तुला घेऊन यायला गेले होते, रिकाम्या हाताने आले.

तिथले डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस, पण तुझ्या डाव्या कानाने ऐकलेलं उजव्या कानाने जातं म्हणून पुन्हा लिहिते. मिश्रणाच्या खोलीची धूळ तुला सोसत नाही. महिनाभर नळीला तोंड लावायचं नाही. तपकिरी रोज, आयुष्यभर लागला तरी रोज. आकडा गाल धरून. त्या गिळायच्या गोळ्या पुन्हा कधी दिल्या तर पाच दिवस पुऱ्या, बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. काच सोड. इथे दवाखान्याच्या मागे औषधांची खोकी लावायला माणूस हवाच आहे. धूळ नाही, भट्टी नाही, वर मी आहे. तुला कंटाळा येईल हे मला माहीत आहे. कंटाळ्याने कोणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

एवढं बोलायचा हक्क मला आहे का, हे मी गाडीत बसून विचार करत होते. ६०० वाचून मी नाचले होते. बाईंनी चष्मा घातला होता, मी घातला नाही.

कधी येतोस ते कळव.

मावशी

ता. क. उस्तादांना म्हणावं, आकडा लिहीत नाही म्हणजे काय? लिहा.

१४ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पळालो. तुझ्याकडे नव्हे. नुसता पळालो, नेहमीसारखा.

झालं असं की दवाखान्यातून आलो तर माझ्या नवव्या-दहाव्या गोळ्याचा विषयच नाही. खुर्चीही नाही. उस्तादांनी मला घासायच्या चाकावर बसवलं. तयार वस्तूंचे काठ त्याच्यावर घासतात, वरून सारखं पाणी पडतं म्हणून धूळ उडत नाही. काम बरं आहे, पण ते आजारी आणि म्हाताऱ्यांचं म्हणून ओळखलं जातं. तिथून भट्टी दिसते. दुसरा कोणी माझ्या जागी बसलेला दिसतो. तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी सकाळी पिशवी उचलली आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो.

तिथे पाट्या वाचत बसलो. तुला माहीत आहे, मला पाट्या वाचायला आवडतात, गावाचं नाव वाचलं की पाय आपोआप वळतात. या वेळी वळेनात. एक नाव वाचलं की वाटे, तिथे तपकिरी मिळत असेल का? दुसरं वाचलं की वाटे, तिथे मी गप्प झालो तर कोणाला कळणार? तिथे तर मला आडवंच करतील. प्रत्येक गावात पहिल्या दिवशी कुणाला तरी गाठून सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार, ही माझी छाती, हा निळा, हा कागद. आणि मी तर पहिल्या दिवशी नाव पण धड सांगत नाही. आजवर नकोसं झालं ते मागे टाकून पुढे गेलो. हे माझ्याबरोबर बसमध्ये चढणार होतं, तिकीट न काढता. दोन बसगाड्या गेल्या. तिसरीत एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन चढत होती आणि कंडक्टर तिच्याशी भांडत होता, ते भांडण फार रंगलं होतं, पण ते राहू दे.

परत आलो. दारात उस्ताद.

"बस चुकली?"

"तीन चुकल्या."

"बरं." मग मीटर पुढे केलं. "गाल धर."

३४०. त्यांनी भिंतीवर कागद लावलाय, त्यात लिहिलं. कागदावर दोन रकाने आहेत. दुसरा कोणाचा ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्यासमोरच गाल धरले, फुंकलं, दोन मिनिटं खोकले आणि लिहिलं, २३०.

"हसलास तर हाकलीन," म्हणाले.

मी नाही हसलो.

मी येत नाही, मावशी. महिना संपेपर्यंत चाकावर बसतो. पुढचं इथले डॉक्टर आणि भिंतीवरचा कागद ठरवतील. खुर्ची कदाचित कधीच मिळणार नाही, हे उस्तादांनी तोंडावर सांगितलं. वाईट वाटलं, अजून वाटतंय. पण मिश्रणाची खोली बंद केली आहे. वाळू आता ओली करून कालवतात आणि नाक-तोंड न बांधता आत कोणी जात नाही. तपकिरी सकाळी-रात्री घेतो, चूळ भरतो. निळा या आठवड्यात दोनदा लागला. आज ३७०. चाकाच्या पाण्यात हात सुरकुतलेत, अक्षर म्हणून असं.

आता खरं काम. उस्तादांना तुला विचारायचं आहे की एकसष्टाव्या वर्षी तपकिरी सुरू केला तर उपयोग होतो का, की उशीर झाला. मी म्हटलं, आधी इथल्या डॉक्टरांना छाती दाखवा आणि मावशीला स्वतः लिहा. म्हणाले, "डॉक्टरचं बघू. आधी तू लिही." म्हटलं, तुमचा आकडा त्यांना कळवू का? ते म्हणाले, "कळव."

उत्तर लवकर पाठव. टपालवाल्याची सायकल दारात वाजली की ते दाराकडे पाठ करून उभे राहतात आणि वळत नाहीत.

भिंगरी